काठी परत येईपर्यंत

डोंगरातली लांब वाट जिथे उतरते आणि हमरस्त्याला मिळते, तिथे एक वजनकाटा आहे. ट्रक त्या लोखंडी फळीवर चढतो, खोलीत सुई हलते आणि खिडकीत बसलेली बाई पावती फाडते. सुईकडे ती नंतर बघते. भरलेली गाडी फळीवर चढताना कण्हते आणि रिकामी गाडी खुळखुळते, एवढं तिला पुरतं. त्या बाईला सगळे परतीवाली म्हणतात.

हे नाव तिला पायी चालणाऱ्यांनी दिलं. वाटेच्या दुसऱ्या टोकाला माणूस मोठ्या हौसेने डोंगर चढायला लागतो आणि आठवडेच्या आठवडे रानं तुडवून ह्या टोकाला भुतासारखा उतरतो. बूट उसवलेले, गाल आत गेलेले, खिसे झडलेले. जायची तयारी त्याने वर्षभर केलेली असते. यायची तयारी कुणीच केलेली नसते. बस आठवड्यातून एकदा येते, आणि तिचं भाडं ऐकलं की एवढे डोंगर पचवलेले पाय लटपटतात. मग कुणीतरी काट्याच्या खिडकीकडे बोट दाखवतं.

परतीवालीचं काम साधं होतं. जितक्या गाड्या भरून जातात, तितक्याच रिकाम्या परत येतात. सिमेंटचे ट्रक, अंड्यांच्या गाड्या, गाद्यांचा टेम्पो, एकदा तर प्रेत पोचवून परतणारी गाडीसुद्धा. त्यात एकटा ड्रायव्हर पेंगत असतो. त्याच्या शेजारी ती एक चालून दमलेला माणूस बसवून द्यायची. भाडं काय, तर ड्रायव्हरचं वाटेतलं जेवण आणि त्याला झोप लागू नये एवढ्या गप्पा. एक लाजाळू कारकून तिला म्हणाला होता, मला गप्पा येत नाहीत. ती म्हणाली, मग गाणं म्हणा, गाणं येत नसेल तर भांडा, पण झोपू देऊ नका. तो खरोखर अख्खी रात्र भांडत गेला, आणि तो ड्रायव्हर अजून त्याची खुशाली विचारतो.

ह्या कामाची एक रीत तिने पाडली होती. वाटेने उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काठी असते. ती त्याने गाडीतून सोबत न्यायची आणि आपल्या दारात उतरला की ड्रायव्हरच्या हवाली करायची. दार दिसल्याशिवाय द्यायची नाही, ड्रायव्हरनेही घ्यायची नाही. पुढच्या फेरीला ड्रायव्हर ती काठी खिडकीतून आत सरकवतो. काठी आली म्हणजे माणूस पोचला. मग परतीवाली ती गुडघ्यावर मोडते, शेगडीत घालते आणि तिच्यावर त्या ड्रायव्हरला चहा करून देते. काठी आणली नाही त्याला पुन्हा माणूस मिळत नाही, आणि चहाही नाही. चहाचंच त्यांना जास्त लागतं.

अशा किती काठ्या त्या शेगडीत गेल्या त्याला गणती नाही. पण खिडकीच्या वर एका खिळ्याला एक काठी टांगलेली होती, ती कधी जळली नव्हती. तिच्या मुठीवर चाकूने बदकाचं डोकं कोरलं होतं. बदक म्हणायचं ते कोरणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून, कारण दिसायला ते बुटासारखं दिसायचं.

ती काठी तिच्या धाकट्या भावाची.

धाकट्याला लाकूड दिसलं की बदक कोरायची खोड होती. घरातली खाट, दाराची चौकट, कोयत्याची मूठ, सगळीकडे ही बुटासारखी बदकं. गावात एक माणूस होता, लोकांना जमवून लांबच्या वाटा चालायला न्यायचा. सगळे त्याला कप्तान म्हणत. धाकटा त्याच्याबरोबर निघाला, तेव्हा कप्तान अंगणात उभा राहून थोरल्या बहिणीला म्हणाला होता की काळजी करू नका, ह्याला तुमच्या दारात आणून सोडीन. परतीवाली तेव्हा दोन वेण्या घालणारी पोरगी होती, खांबाआडून बघत होती. तिच्या लक्षात राहिली ती कप्तानाच्या डाव्या कानाची तुटलेली पाळी.

शेवटच्या उतारावर धाकट्याला ताप भरला. खाली कप्तानाने ठरवलेली गाडी उभी होती, पण तोवर त्याने त्यातली एक जागा वाटेत भेटलेल्या एका पैसेवाल्याला विकून टाकली होती. मग त्याने धाकट्याला वाट संपते तिथल्या दगडावर बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “तू इथेच बस. हलू नकोस. मी गाडी पाठवतो.”

धाकटा बसला. पाऊस झाला, वारं सुटलं, तो बसून राहिला. समोर काट्याची खोली होती, आत शेगडी होती. पण हललो आणि तेवढ्यात गाडी येऊन गेली तर, म्हणून तो रस्ता ओलांडून तिथवरही गेला नाही. काट्यावरच्या म्हाताऱ्याला वाटलं, चालणारा आहे, विसावा घेतोय. दुसऱ्या दिवशीही तो तसाच दिसला तेव्हा म्हातारा उठून गेला. दवाखान्यात नेईपर्यंत फुप्फुसं भरून आली होती. परतीवालीने निरोप मिळताच मिळेल त्या गाडीने धाव घेतली. ती पोचली तेव्हा त्याच्यात बोलण्याइतकी धुगधुगी उरली होती. काय झालं ते त्याने सांगितलं आणि मग विचारलं, “गाडी आली का गं? मी हललो नाही.”

मेलेल्या माणसाचं भाडं जिवंत माणसापेक्षा किती जास्त असतं, ते तिला त्या दिवशी कळलं. तिने प्रत्येक गाडीवाल्याचे पाय धरले. शेवटी भावाला त्याच डोंगराच्या पायथ्याला ठेवावं लागलं. आणि गावात तिचा निरोप जाण्याआधीच कप्तान पोचला होता. त्याने सांगून टाकलं होतं की धाकटा आपल्या हट्टाने मागे राहिला, मधली बहीण न्यायला येणार आहे म्हणाला. बहीणच वेळेवर गेली नाही, त्याला कोण काय करणार. त्या गाडीत बसून आलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण न डोलावून सांगणार काय? थोरलीचा निरोप आला. त्याला घेऊन येशील तेव्हाच ह्या दारात पाय ठेव.

म्हाताऱ्याने तिला काट्यावर बसवलं आणि मरताना काटा तिच्या हाती दिला. जगाला घरी पोचवणारी ही बाई स्वतः कधी घरी गेली नाही. कुणी म्हणायचं, किती पुण्याचं काम करतेस. ती पुढची पावती फाडायची. पुण्य कुणाला हवं होतं? ती त्या वाटेच्या तोंडाशी बसून होती. ही वाट चालणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी ह्या खिडकीशी येणार, आणि ती डोळ्यांत तेल घालून एका तुटक्या पाळीच्या कानाची वाट बघत होती. कप्तान हुशार. त्यानंतर त्याने ह्या टोकाला पाऊल टाकलं नाही, आपली माणसं अर्ध्या वाटेतूनच परत फिरवायचा. तिच्या केसांत पांढरं आलं, डोळ्यांवर चष्मा आला. पण मनातला डूख कोवळा राहिला, रोज पाणी घातल्यासारखा.

आणि एका शुक्रवारी सकाळी कान आला.

आधी आवाज आला. दोन माणसं उतारावरून येत होती. पुढचा ताठ, पिकलेल्या केसांचा, हातात पितळी टोकाची विकतची काठी. मागचा ठेंगणा, एक पाय ओढत, तोंडाने अखंड बडबडत. पुढच्याने खिडकीवर टकटक केली. तिने मान वर केली आणि तिच्या हातातली पावती अर्धवट फाटून राहिली.

कप्तानाने तिला ओळखलं नाही. त्याने हसून विचारलं, “परतीवाली आपणच का, बाई? तुमचं फार नाव ऐकलंय.”

तिने त्यांना आत बोलावून बाकावर बसवलं, चहा दिला. कप हातात न देता खाली ठेवला आणि त्यांच्याकडे सरकवला. बोलण्यातून सगळं कळलं. रविवारी सकाळी गावाच्या सभागृहात कप्तानाचा सत्कार होता. चालणाऱ्यांच्या मोठ्या संघाचा तो अध्यक्ष होणार होता, आणि अध्यक्षाने निवडीच्या वर्षात ही वाट टोकापर्यंत चाललेली असावी असा त्या संघाचा नियम, म्हणून म्हातारपणी त्याला इथवर यावं लागलं. वाटेत ओढा ओलांडताना त्याची पैशांची पिशवी वाहून गेली. बस कालच गेलेली. गावाहून गाडी मागवावी तर निरोप जाऊन ती इथे येऊन परत पोचेपर्यंत सत्कार आटोपलेला असेल. काही झालं तरी रविवारी सकाळी तिथे पोचलंच पाहिजे, असं तो तीनतीनदा म्हणाला.

त्याच्याबरोबरचा ठेंगणा माणूस गावातला शिंपी होता. बायको गेल्यावर दुकानात मन लागेना म्हणून चालायला निघालेला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. दोघांच्या अंगात एकसारखी जाकिटं होती आणि पाठीवर पिवळ्या दोऱ्याने भरलं होतं: एकालाही मागे सोडणार नाही.

परतीवालीची नजर त्या अक्षरांवर खिळली. शिंप्याला वाटलं ती भरतकाम बघतेय.

“माझ्या हातचं आहे, ताई,” तो खुलून म्हणाला. “संघातल्या सगळ्यांच्या पाठींवर मीच भरलं. कप्तानाची पाठ रुंद म्हणून एका ओळीत मावलं. माझ्या पाठीवर ‘नाही’ पार काखेत गेलंय.”

“शब्द कुणाचे?” तिने विचारलं.

“ह्यांचे. आयुष्यभर पाळलेत म्हणतात.”

तिने मान हलवली आणि बाहेर काट्यावर आलेली गाडी बघायला गेली.

खरं म्हणजे तिच्याकडे दोन गाड्या होत्या. पैलवानाचा सिमेंटचा ट्रक त्याच दुपारी रिकामा परतणार होता. वाटेत दोन ठिकाणी रिकाम्या गोण्यांचे ढीग उचलत, मोठा वळसा घालत तो रविवारी सकाळी त्या गावात पोचला असता, अगदी वेळेवर. त्याच्या केबिनमध्ये जागा एकच, दुसऱ्या जागी त्याने टायर ठेवलेला. आणि उद्या सकाळी गाद्यांचा टेम्पो येणार होता. तो घाटातल्या नव्या रस्त्याने सरळ जायचा, शनिवारी संध्याकाळीच तिथे पोचायचा. त्यात दोघंही मजेत आडवे पडून गेले असते.

टेम्पोबद्दल ती एक अवाक्षर बोलली नाही. ती म्हणाली, “रविवारच्या आत पोचायचं असेल तर ट्रक आहे. जागा एकच. कोण जाणार ते तुम्ही ठरवा.”

एवढं बोलून ती त्यांच्याकडे पाठ करून शेगडीशी उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला भीती वाटली. इतकी वर्षं ती ह्या माणसाला मनात रोज मारत आली होती. आता जर तो म्हणाला की शिंप्याचा पाय सुजलाय, शिंप्याला जाऊ दे, मी राहतो, तर? माणूस बदलतोही. बदलला असेल तर हा सगळा राग घेऊन ती जाणार कुठे? थोरलीच्या दाराचं काय होणार? बदलू नको, ती मनात म्हणत राहिली. देवाकडे मागावं तसं मागत राहिली. तू होतास तसाच निघ.

 मागे शिंपी हसत म्हणाला की कप्तानाविना सत्कार कसला, खुर्चीचा करणार काय? कप्तानाने तेवढाच आधार धरला. तो शिंप्याजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“तू इथेच बस,” तो म्हणाला. “पाय हलवू नकोस. मी पोचलो की गाडी पाठवतो.”

परतीवालीने डोळे मिटले. तिच्या अंगात गार पाण्यासारखं सुख पसरलं. शब्दसुद्धा त्याने बदलले नव्हते.

दुपारी पैलवान आला. नाव पैलवान, अंगावर मूठभर मांस, पण एकदा ब्रेक दाबून बसला की हत्तीला हलणार नाही असा. तिने त्याला खोलीमागे नेऊन थोडक्यात सगळं सांगितलं. खिळ्यावरच्या काठीची गोष्ट सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होती, माणूस आज दिसत होता. पैलवानाने खिडकीतून आत एकदा बघितलं आणि म्हणाला, “मी ह्याला वाटेतच उतरवू का, ताई? घाटात?”

“नाही,” ती म्हणाली. “नीट पोचव. फक्त आधी थोरलीच्या दारात. तो तिथे काय सांगतो ते ऐकायचं. खरं काय ते तुला ठाऊक आहे. खोटं बोलला की हॉर्न वाजव.”

कप्तान केबिनच्या पायरीवर चढला, तेव्हा तिने त्याच्या हातून पितळी टोकाची काठी काढून घेतली. त्याला वाटलं, मदत करतेय. मग तिने दुसरी काठी त्याच्या हातात दिली. त्याने मूठ बघितली. बुटासारखं बदक बघितलं. हळूहळू त्याच्या तोंडावरचा रंग उतरला आणि त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं, चष्म्याआड, पांढऱ्या केसांखाली, खांबाआडून बघणाऱ्या पोरीकडे.

“तुमचं भाडं हे,” परतीवाली म्हणाली. “जेवणखाण काही नको. ही काठी माझ्या थोरल्या बहिणीच्या दारात पोचवायची आणि तो दगडावर का बसला होता ते तिला सांगायचं. बास.”

 तो म्हणाला, फार जुनी गोष्ट आहे, तेव्हा परिस्थिती वेगळी होती, आपण बसून बोलू.

“बसून बोलायचं असेल तर उतरा. दगड तिथेच आहे. पुढची बस गुरुवारी.”

कप्तानाने रस्त्यापलीकडच्या दगडाकडे बघितलं. मग रस्त्याकडे. मग त्याने काठी मांडीवर घेतली आणि दार ओढून लावलं. अध्यक्षाची खुर्ची त्याला इतकी हवी होती. ट्रक खुळखुळत काट्यावरून गेला.

शिंप्याने बाकावरून सगळं ऐकलं होतं.  त्याने फक्त विचारलं की भावाचं वय काय होतं. तिने वय सांगितलं आणि बाकीचंही सांगितलं. मग त्याने जाकीट काढलं, मांडीवर पसरलं आणि एक ब्लेड मागितलं. संध्याकाळभर तो जाकिटाची पाठ उजेडाकडे धरून एकेक टाका उसवत होता, आणि पिवळे धागे शेगडीत टाकत होता. नंतर तिने त्याला टेम्पोबद्दल सांगितलं. 

“म्हणजे सकाळपर्यंत थांबला असता, तर आम्ही दोघं गाद्यांवर लोळत गेलो असतो?”

“हो.”

“आणि त्याच्या आधी पोचलो असतो?”

“हो.”

शिंपी पोट धरून हसला, गुडघा दुखेपर्यंत. मग म्हणाला, “ताई, तुम्ही फार वाईट बाई आहात.” त्याने ते मानाने म्हटलं आणि तिने ते मानाने घेतलं.

आठवड्याने पैलवानाचा ट्रक काट्यावर कण्हत चढला. परतीवाली खिडकीतच होती. ह्या आठवड्यात तिने दोन गाड्यांच्या पावत्या चुकवल्या होत्या. पैलवान आत आला, बाकावर बसला आणि सावकाश सांगू लागला, कारण अशी गोष्ट त्याला आयुष्यात पुन्हा सांगायला मिळणार नव्हती.

 थोरलीचं घर गावाच्या अलीकडे, वीटभट्टीपाशी. तिथे ट्रक थांबला, तसं कप्तानाने पैलवानाला गळ घातली की आधी सभागृहात सोड, दुपारी मी स्वतः येऊन काठी देईन, हवं तर पैसे घे. पैलवानाने किल्ली खिशात टाकली आणि खिडकीतून बाहेर बघत शीळ घालत बसला. शेवटी कप्तान उतरला. ट्रकच्या आवाजाने थोरली दारात आलीच होती. तिच्या मागे चौकटीवर बदकांची रांग होती. तिने कप्तानाकडे बघितलं नाही, काठीच्या मुठीकडे बघितलं.

“ही तुझ्याकडे कशी?” तिने विचारलं.

कप्तान म्हणाला, डोंगरात सापडली, आठवण म्हणून आणली. पैलवानाने हॉर्न दाबला. सिमेंटच्या ट्रकचा हॉर्न तो, भट्टीवरचे लोक कामं टाकून बघायला आले. कप्तान घामाघूम झाला. म्हणाला, ताप होता त्याला, हट्ट करून मागे राहिला, बहिणीची वाट बघतो म्हणाला. पैलवानाने पुन्हा हॉर्न दाबला, आणि ह्या वेळी हात काढलाच नाही. आजूबाजूच्या घरांतून बायामाणसं बाहेर आली. त्या आवाजात कप्तान उभा, हातात काठी, आणि लोक जमतायत. मग त्याने हात वर केला. हॉर्न थांबला. सगळं एका दमात बाहेर पडलं. विकलेली जागा, दगड, गाडी पाठवतो म्हणालो ते, आणि मग पाठवायचं राहून गेलं ते.

“राहून गेलं असं म्हणाला?” परतीवालीने विचारलं.

“असंच म्हणाला.”

 मग थोरलीने पुढे होऊन त्याच्या हातून काठी घेतली, आत गेली आणि दार लावलं. कप्तान पायरीवर मटकन बसला. लोक त्याच्याभोवती नुसते उभे होते, कुणी शिवी दिली नाही, कुणी पाणीही दिलं नाही. पैलवानाने थोडा वेळ वाट बघितली, चल म्हणाला, पण तो उठेना. पैलवान त्याला तिथेच सोडून निघाला आणि काय होतंय बघावं म्हणून सभागृहात डोकावला. खुर्ची रिकामी होती. शिंपी पहिल्या रांगेत पाय लांब करून बसला होता. कप्तान कुठे राहिले, असं व्यासपीठावरून कुणी तरी विचारलं, तेव्हा तो उठला आणि सभेकडे पाठ करून उभा राहिला. जाकिटाच्या पाठीवर एकही अक्षर नव्हतं, नुसती सुईची भोकं. मग तो वळला आणि त्याने सांगायला सुरुवात केली. खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

पैलवानाने गोण्या भरल्या आणि दुसऱ्या दिवशी परत थोरलीच्या दारात गेला, कारण काठी आणल्याशिवाय त्याची फेरी पुरी होत नव्हती. इथली रीत त्याने थोरलीला सांगितली. तिला आधी वाटलं तो ती तिच्यापासून हिसकावून घेतोय. मग समजलं. तिने काठी घरभर फिरवली होती, धाकट्याच्या खाटेवर रात्रभर निजवली होती. ती तिने आणून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, “तिला सांग, पोचला.”

पैलवानाने काठी खिडकीतून आत सरकवली. बाहेर जाऊन, खिडकीशी उभं राहून, रीतीप्रमाणे सरकवली. परतीवालीने ती घेतली. गुडघ्यावर धरली, पण मोडवेना. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड, एका झटक्यात मोडायला हवं होतं. तिने दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे कट् आवाज आला. मग तिने चहाचं आधण ठेवलं. बदकाचं डोकं सगळ्यात शेवटी पेटलं आणि शेवटपर्यंत बुटासारखंच दिसलं. ती पहिल्यांदा हसली आणि मग चष्मा काढून पदराने तोंड पुसत राहिली. पैलवान खाली बघून चहा प्यायला.

निघताना त्याला आठवलं. थोरलीने आणखी एक विचारलं होतं. तिकडे जाणाऱ्या गाडीत बाईमाणसाला जागा असते का, आणि भाडं फार पडतं का.

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, जेवण आणि गप्पा. ती म्हणाली, गप्पा माझ्याकडे वर्षानुवर्षांच्या साठल्यात.”

परतीवाली तिथेच उभी राहून बोटांवर गाड्या मोजू लागली. टेम्पो नको, गाद्यांची धूळ थोरलीला सोसत नाही. अंड्यांच्या गाडीचा ड्रायव्हर सांभाळून चालवतो, ती बरी. सोमवारी त्याला सांगायचं.

खिळा त्या दिवशी रिकामा राहिला नाही. पितळी टोकाची काठी कोपऱ्यात पडली होती. ती तिने उचलली, फडक्याने पुसली आणि टांगली, कारण त्या माणसाला कुणी त्याच्या दारात सोडलं नव्हतं आणि रीत म्हणजे रीत. पुढे कप्तानाने एका ड्रायव्हरकडून निरोप धाडला की काठी महागाची आहे, कुणाबरोबर तरी पाठवून द्यावी.

परतीवालीने उलट निरोप दिला आणि तो शब्द न् शब्द पोचवायला लावला. तू तिथेच बस. हलू नकोस. मी काठी पाठवते.